टप उघडेना

अमजद : खटका दाब परत. दाबून धर, लगीच सोडू नको.

जाई : धरलंय, अमजदभाई. बोट दुखायला लागलं. टप जागचा हलत नाही.

अमजद : आवाज? मागच्या सीटखालून, मांजर गुरगुरल्यावानी?

जाई : मांजर नाही आणि उंदीरही नाही. सगळं गप्प.

मच्छिंद्र : मी म्हनतो, ऱ्हाऊ द्या. गाव कोसावर आलं. झाकल्या टपानंच जाऊ. लगीन पोरीचं हाय का टपाचं?

अमजद : मच्छिंद्र, तू माझा दोस्त आन् आज नवरीचा भाऊ, म्हणून ऐकून घेतो. उघड्या टपाची गाडी पाहिजे म्हणून माझ्या गॅरेजात कोण आलं होतं? मी आलो होतो का तुझ्या दारात?

मच्छिंद्र : मी आलतो. जाईनं धाडलं म्हनून आलतो.

अमजद : मग? काल दौंडहून शिरूरपर्यंत उघडी आणली. रस्त्यानं ढोरं वळवणारी माणसं ढोरं सोडून बघत होती. झाकलीच न्यायची तर टॅक्सी काय वाईट होती?

जाई : दादा, वऱ्हाडाचा ट्रक पुढं गेला तेव्हा मी बायकांना ओरडून सांगितलंय, 'मी मागनं उघड्या गाडीतून येते.' आता लोणच्यासारखी बरणीत बसून जाऊ?

मच्छिंद्र : धुरळा बसंल पांढऱ्या पातळावर.

जाई : धुळीसाठीच तर न्हावऱ्यापर्यंत टप लावून आलो. ठरलं होतं, गाव जवळ आलं की खाली घ्यायचा. आलं जवळ. घ्या खाली.

अमजद : घेतो की. कालपर्यंत चालत होता ना, मग आज का न्हाई? असा कसा रुसला ते बघू. हॉर्न वाजव एकदा.

जाई : वाजतोय की झकास.

अमजद : म्हणजे बॅटरी ठीक. आता खाली वाकून बघ, डॅशखाली काचेच्या बारीक नळ्या हायेत, शेंगदाण्याएवढ्या. तिसरी काढून दे मला.

जाई : ही घ्या.

अमजद : फ्यूज ठणठणीत. आतली तार शाबूत. मच्छिंद्र, तू रेल्वेत वायरिंगवाल्यांच्या हाताखाली हायेस ना? ये असा. हा बल्ब धर, मी स्विचची तार तपासतो.

मच्छिंद्र : माझा सदरा नवा हाय.

अमजद : माझा जुना हाय म्हणून मी एकट्यानं लोळायचं?

मच्छिंद्र : अरं, बौद्धाचार्य तिथं येऊन बसले असतील. म्हाळूमामा माझ्या नावानं शिमगा करत असंल. नवरदेवाचा बाप हाय तो, त्याला ताटकळत ठेवायचं का? चल, बस. गाडी सुरू कर.

जाई : मामंजींची काळजी तू करू नकोस. ते म्हणाले होते, उशीर झाला तरी चालेल, पण मिरवत या. अमजदभाई, मी धरते बल्ब.

अमजद : नवरीच्या हातात बल्ब! माझ्या बायकोनं, शहजादीनं, बघितलं तर घरात घेणार न्हाई मला. आधीच म्हणते, घरात एक शहजादी पुरत न्हाई म्हणून दारात दुसरी आणून बांधली. हां, असा. ती तार इथं लाव. लागला का?

जाई : लागला! लख्ख.

अमजद : स्विचपण ठीक. बघ आता, ही आमची मोठ्या घरची बाई. पुण्याच्या एका शेठजींकडं होती. दुष्काळानंतर पेट्रोलचे भाव भडकले, तवा त्यांनी नाक मुरडलं आन् माझ्याकडं आली. तिच्या पोटात काय चाललंय ते मला झोपेतपण कळतं. स्विच दाबला की करंट मागं जातो. मागं मोटर. मोटर तेल ढकलते. तेल दोन बाजूंचे दट्टे ढकलतं. दट्टे टप ढकलतात. एवढी सगळी रांग. कुणीतरी एकानं रांग सोडलीय.

मच्छिंद्र : तेलच संपलं असंल.

अमजद : तेल संपलं तर मोटर नुसती बोंबलंल, गप्प बसणार न्हाई. तुला कळतंय हे. तू उगाच वेड पांघरतोयस.

मच्छिंद्र : मला काय कळतंय? मी रुळावरचा मानूस.

अमजद : जाई, उतर खाली. मागची सीट काढावी लागंल. तिथं लिंबाखाली सावलीत उभी राहा.

जाई : लिंबाखाली नको, मला बघायचंय. मी शाळेत पोरांना विजेचा धडा शिकवते. पुस्तकात बॅटरी, तार आणि दिवा एवढंच असतं. टप नसतो.

अमजद : मग बघ. ही सीट अशी उचलायची... मच्छिंद्र, सीट तरी धरशील का, का नवीन धोतरपण हाय?

मच्छिंद्र : धरतो.

अमजद : हळू. पाय सांभाळ. हे बघ जाई, हे भांडं तेलाचं. गळ्यापर्यंत भरलेलं. नळ्या कोरड्या, कुठं गळती न्हाई. आन् ही मोटर. आता हिच्या तोंडाशी बल्ब लावू. तू पुढं जाऊन खटका दाब.

जाई : दाबला.

अमजद : पेटला! करंट इथपर्यंत आलाय. मोटरच्या दारात उभा हाय. मग ही फिरत का न्हाई?

जाई : मोटर जळली असेल?

अमजद : जळली असती तर वास आला असता. जळक्या मोटरचा वास लपत न्हाई, करपलेल्या दुधासारखा. थांब. करंटला यायला वाट हाय. परत जायला? परतीची तार गाडीच्या पत्र्याला आवळलेली असते, इथं, ह्या बोल्टाला...

जाई : काय झालं?

अमजद : बोल्टाला तार न्हाई.

जाई : तुटली?

अमजद : तुटली न्हाई. सोडवलीय. ही बघ, मागं सरकवून ठेवलीय गादीखाली. आन् टोकाला काळी टेप. तीन वेढे. नीट, एकावर एक.

जाई : रस्त्याच्या धक्क्यानं निसटली असेल.

अमजद : निसटली असंल. पण धक्का टेप लावत न्हाई, जाई. उंदीरपण लावत न्हाई. आन् मी असली टेप वापरतच न्हाई. मी शहजादीच्या जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळतो, सगळं दौंड हसतं मला त्यावरून.

जाई : ही टेप कुणाकडं असते?

अमजद : असते कुणाकुणाकडं.

जाई : दादा.

मच्छिंद्र : काय?

जाई : सकाळी शिरूरला अमजदभाई पोहे खायला बसले होते तेव्हा तू गाडीपाशी होतास. मी विचारलं, काय करतोस? तू म्हणालास, सीट पुसतोय.

मच्छिंद्र : पुसतच हुतो.

जाई : वरून पुसत होतास का खालून?

अमजद : मी जरा पाणी पिऊन येतो. तुम्ही बोला बहीण-भाऊ.

मच्छिंद्र : थांब, अमजद. जाऊ नको. तुझीबी गाडी हाय. ऐक दोघं. मीच काढली तार. मोडतोड कायबी केली न्हाई. टोक उघडं ऱ्हायलं तर ठिणगी पडंल म्हनून टेप लावली.

अमजद : वा! चोरी केली आन् जाताना घराला कुलूप लावलं.

जाई : कशासाठी, दादा?

मच्छिंद्र : मागल्या बाजारी शिरूरला दोघं भेटले. तुझ्या सासरच्या गावचे. एक हौसराव, पारावर बसतो तो, आन् संगं एक जन. मला हाटेलात नेलं, च्या पाजला. लई गोड बोलले. म्हनले, नवरी आना, बाजा वाजवा, आमचं कायबी म्हननं न्हाई. फकस्त वेशीतून येताना गाडीचा टप झाकलेला असावा. तुमच्या वस्तीतली पोरगी उघड्यावर बसून वरनं बघत जानार, जुन्या मानसांना बरं दिसत न्हाई.

जाई : वरनं? गाडी एवढी बुटकी, आणि ते बसतात पारावर. वरनं तेच बघणार आहेत.

मच्छिंद्र : थट्टा करू नको.

जाई : मग काय करू? तू काय म्हणालास त्यांना?

मच्छिंद्र : हो म्हनलो न्हाई. न्हाई बी म्हनलो न्हाई. च्या पिलो.

अमजद : आन् रेल्वेची टेप खिशात घातली.

मच्छिंद्र : मला वाटलं, टप बिघडला म्हनलं की कुनाचं नाक खाली जानार न्हाई. त्यांना वाटंल, ऐकलं. आपल्या मानसांना वाटंल, मशिन हाय, बिघडलं. जाई गपगुमान घरात जाईल.

जाई : नवरदेवाला सांगितलंस? बाळासोंना?

मच्छिंद्र : न्हाई.

जाई : मामंजींना?

मच्छिंद्र : कुनालाच न्हाई.

जाई : म्हणजे दोन्ही घरांच्या वाटणीचं तू एकटाच घाबरलास.

मच्छिंद्र : व्हय, घाबरलो! तोंडावर सांगतो. भांडनाला न्हाई भेत मी. दौंडला शेडात मी कुनाचं ऐकून घेत न्हाई, इचार ह्याला. पर मी आज हाय. उद्या सकाळी माझी ड्यूटी. तू ऱ्हानार तिथं. शाळेत जाताना रोज त्याच पारापुढनं जाशील. एक दिवस मिरवून तू बारा महिने डोळ्यांवर येनार. मी तवा कुठं असनार? एखाद्या डब्याखाली.

अमजद : ह्याचं पण खोटं न्हाई, जाई.

जाई : खोटं आहे असं मी कुठं म्हटलं? पण दादा, तुला वाटतं ही गाडी माझी हौस आहे?

मच्छिंद्र : मग कुनाची?

जाई : आत्याबाईंची. माझ्या सासूची.

मच्छिंद्र : रंगुबाईंची? त्यांनी सांगितलं?

जाई : साखरपुड्याला आपण गेलो होतो ना, तेव्हा त्यांनी मला आत चुलीपाशी बोलावलं. म्हणाल्या, 'मी ह्या गावात नवरी होऊन आले तवा छकडा वेशीबाहेर सोडायला लावला. वेशीतनं आपली नवरी न्यायची न्हाई, असा रिवाज. मला वढ्याच्या वाटेनं मागनं आणलं. वढ्याला पाणी होतं. लग्नाचं पातळ मांडीपर्यंत भिजलं, तशीच उभी राहिले.' मग मला विचारलं, 'तू कशातनं येणार?' मी म्हटलं, काही ठरलं नाही अजून. तर म्हणाल्या, 'टप नसलेली गाडी बघ. मला तू लांबनं दिसली पायजेस.'

मच्छिंद्र : हे मला का न्हाई सांगितलंस?

जाई : त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःच्या लेकालासुद्धा. मी कशी सांगणार? मी एवढंच म्हटलं, दादा, उघडी गाडी बघ.

मच्छिंद्र : आन् मी म्हनलो, पोरगी शिकली, नखरे वाढले.

जाई : म्हणालास. मला ऐकू आलं होतं.

अमजद : मला पण.

मच्छिंद्र : तू गप रे.

अमजद : का गप? गाडी माझी. मलापण कुणीतरी विचारा.

जाई : विचारते. अमजदभाई, कुणी दगडबिगड भिरकावला तर तुमचं नुकसान होईल. तुम्ही काय म्हणता?

अमजद : मी मेकॅनिकच्या अकलेनं बोलतो. काच मिळते जुन्या बाजारात. टपाचं कापड मिळत न्हाई. म्हणून दगडाची भीती असंल तर टप खाली घडी करून ठेवलेला बरा. उघड्या गाडीचा टप कधी फाटत न्हाई.

जाई : झालं तर मग.

अमजद : झालं कुठं? तार मी जोडणार न्हाई. ज्यानं सोडली त्यानं जोडावी. हा घे पाना.

जाई : दादा, तुला नको वाटत असेल तर झाकून जाऊ. खरंच. मी रागावणार नाही. आत्याबाईंना मी काहीतरी सांगेन. फक्त टप बिघडला होता असं सांगणार नाही.

मच्छिंद्र : आन पाना. सदरा धर माझा. बनियनवर करतो.

अमजद : बोल्ट गच्च आवळ. रेल्वेचा असल्यागत.

मच्छिंद्र : शिकवू नको. टेप काढली... तार बशिवली... झालं. दाब, जाई.

जाई : दाबते. अगं बाई! मांजर बोललं!

अमजद : गुरगुरली! उठला बघ, उठला टप. पुढचं टोक सुटलं काचेवरनं. वा रे वा. दाबून धर. येऊ दे, येऊ दे... अरे! थांब. सोड. सोड बोट!

जाई : सोडलं. काय झालं आता?

मच्छिंद्र : अर्ध्यातच अडकला. कोंबड्यानं एक पंख उचलून उभं ऱ्हावं तसा झाला की! आता आईशप्पथ मी कायबी केलं न्हाई.

अमजद : कळतंय रे. डावी बाजू अडली. इथं सांध्यात कायतरी... ही काय भानगड? झेंडूची माळ! कुणी बांधली हिथं?

जाई : आमच्या वस्तीतल्या बायकांनी. सकाळी निघताना. म्हणाल्या, गाडी भुंडी दिसते.

अमजद : बायकांनी टपाच्या कैचीला, घडीच्या दांड्यांना, माळ गुंडाळली. आता दोरा सांध्यात शिरलाय, आन् चांगला सुतळीचा हाय. ओढला तर आणखी आवळंल. परत चढवायला गेलो तर कापड फाटंल. आता अर्ध्या टपानं जाऊ या, ना तुझं ना हौसरावचं.

मच्छिंद्र : हो बाजूला. ब्लेड हाय का?

अमजद : हाय. पण हात आत घालावा लागंल, कैचीच्या मधी. टप बसला खाली तर बोटं जातील. जाई, खटक्यापासून लांब हो.

जाई : लांब आहे. दादा, राहू दे ना, दुसरं काहीतरी करू.

मच्छिंद्र : अमजद, तू खांदा लाव टपाला. उचलून धर. धरलास?

अमजद : धरलाय. लवकर कर, जड हाय बाई.

मच्छिंद्र : एक वेढा सुटला... दुसरा... अजून एक खालनं हाय. हां. हां. निघाला! सोड.

अमजद : बोटं मोज.

मच्छिंद्र : दोन्ही हातांची हायेत. थोडं खरचटलं.

जाई : दाखव. इकडं दाखव हात. रक्त आलंय.

मच्छिंद्र : पातळाला लावशील. दाब जा खटका.

जाई : दाबू?

अमजद : दाब. बिस्मिल्ला.

जाई : चालला. दोन्हीकडनं चालला! बघ दादा, कसा वाकतोय, परटिणीनं लुगड्याची घडी घालावी तसा. बसला! पूर्ण बसला.

मच्छिंद्र : सगळी फुलं सीटवर सांडली.

अमजद : असू दे. फुलांवरच बसंल जाई. चला, सीट बसवा. नवरी मागं, मधोमध. मच्छिंद्र, सदरा घाल. गुंड्या नीट लाव, आता तूपण दिसणार हायेस.

(गाडी कोसभर पुढं जाते. वेस दिसू लागते.)

अमजद : पार दिसतोय. माणसं हायेत. सात-आठ.

मच्छिंद्र : फेटेवाला हौसराव. त्याच्या शेजारचा तो दुसरा, च्यावाला. आपल्याला बघितलं.

जाई : दुसरा उठला.

मच्छिंद्र : उठला. चालला घराकडं. पाठ करून.

अमजद : आन् हौसराव?

मच्छिंद्र : बसलाय. अमजद, जोरात घेतोस का?

जाई : जोरात नाही. सावकाश. अमजदभाई, थांबा! थांबा जरा. वेशीच्या अलीकडं त्या बाई उभ्या आहेत, निळ्या काठाच्या पातळातल्या. आत्याबाई आहेत त्या.

मच्छिंद्र : रंगुबाई हिथं कशा? त्या तर मांडवात पायजेत.

जाई : मांडवातून मी लांबनं दिसले नसते. आत्याबाई, या! हात द्या. पाय इथं ठेवा, ह्या पट्टीवर. अहो, रडताय कशाला? दादा, जरा सरक.

मच्छिंद्र : सरकत न्हाई. उतरतोच मी. बसू दे त्यांना ऐसपैस.

अमजद : अरे, पुढं बस माझ्याशेजारी.

मच्छिंद्र : न्हाई. मी पुढं चालतो, गाडीच्या म्होरं. तू माझ्या चालीनं घे.

जाई : दादा, नीट जा. बोलू नकोस काही.

अमजद : बोलतोय. थांबलाय पारापाशी. हात जोडलेत. हौसराव कायतरी म्हणतोय... हसतोय का रागावलाय, काय कळत न्हाई इथनं. आला. परत आला तुझा भाऊ.

जाई : काय म्हणाले रे?

मच्छिंद्र : म्हनले, टप उघडा हाय, पोरीला ऊन लागंल.

जाई : मग? तू काय म्हणालास?

मच्छिंद्र : म्हनलं, लागू द्या.